कुंदाताईंची फेरी

कुंदाताई बोलताना माझ्याकडे बघत नसत, म्हणूनच मी त्यांच्याशी बोलू शकले.

एरवी समोरच्याने तोंडाकडे बघितलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळेत गुरुजींनी उभं केलं की येत असलेलं उत्तरसुद्धा मी गिळून टाकत असे. कुंदाताई मात्र बोलायला लागल्या की मान जरा वळवत आणि माझ्या खांद्यापलीकडे, लिफ्टच्या बटणांकडे, नाहीतर कठड्यावरच्या कुंडीकडे बघत बोलत. त्यामुळे ब्लॉकमध्ये, म्हणजे आमच्या इमारतीत, त्यांना सगळे शिष्ट म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या लखनौकडच्या बाई तर मला म्हणाल्या होत्या, "बड़ी घमंडी हैं. सामने देखकर बात ही नहीं करतीं." मी मान हलवली. पण मला ती सवय फार आवडायची. कुंडीशी बोलणाऱ्या माणसाशी बोलताना भीती कसली?

त्या बिशान नावाच्या इथल्या वस्तीत आमच्याच ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर एकट्या राहत. आम्ही सहाव्या. आम्ही म्हणजे माझा मुलगा संदीप, सून प्राजक्ता, नात ऊर्वी आणि मी. मी निफाडजवळच्या एका खेड्यातली. चौथी झाल्यावर वडिलांनी शाळेतून काढून द्राक्षबागेत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला, लावलं, ती लग्नानंतरही बागेतच राहिले. यजमान गेल्यावर संदीपने मला इकडे परदेशात आणलं.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी कोथिंबीर आणायला एकटी खाली उतरले. दुकान सापडलं, कोथिंबीर मिळाली, परत आले, लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेले, तिसऱ्या दाराला किल्ली लावली. फिरेना. जोर केला तशी आतून एका चिनी आजींनी दार उघडलं. हातात जेवणाच्या काड्या तशाच. त्यांनी काहीतरी विचारलं. मी कोथिंबीर छातीशी धरून पळाले. ब्लॉक चुकला होता. इथले सगळे ब्लॉक सारखे, रंग सारखा, जिने सारखे. नंबर असतात, पण सहा वर्षांची पोरगी यात्रेत हरवावी तशी माझी अवस्था झाली होती, नंबर कोण बघतो! खालच्या बाकावर बसून राहिले. दीड तासाने संदीप ऑफिसातून आला तेव्हा त्याला दिसले. त्यानंतर तीन आठवडे मी एकटी खाली उतरले नाही. मनात ठरवून टाकलं होतं की दिवाळीला गावी जाईन ती परत यायचीच नाही.

त्याच दिवसांत ऊर्वीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला प्राजक्ताबरोबर खाली जाताना लिफ्टमध्ये कुंदाताई भेटल्या. उंच, काटक, पांढरे केस कापलेले, हातात पुरुषी काळी छत्री. आमचं मराठी ऐकून बटणांकडे बघत म्हणाल्या, "गाव कोणतं?"

"निफाड," मी म्हटलं.

"म्हणजे द्राक्षं."

"जन्म गेला त्यात."

"मग या आकाशातल्या खुराड्यात काय करतेस?"

मला हसूच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात त्या. "चपला घाल. ब्लॉकला एक फेरी मारू."

कुंदाताईंचं सगळं त्या फेरीपासून सुरू व्हायचं. नवीन जागा कळायची असेल तर आत घुसायचं नाही, आधी कडेनं फिरून यायचं, असा त्यांचा नियम. पहिल्या दिवशी आम्ही फक्त आमच्या ब्लॉकच्या भोवती फिरलो. एका कोपऱ्यावर सायकलींचा स्टँड, दुसऱ्यावर लाल रंगाचं छोटंसं देवघर आणि उदबत्त्या, तिसऱ्यावर एका मलाय बाईंच्या मिरचीच्या कुंड्या, चौथ्यावर पाऊल टाकलं की खडखड वाजणारं गटाराचं झाकण. "हे झाकण वाजलं की आपलं घर," त्या म्हणाल्या. "पाट्या वाचत बसू नकोस. कोपरे पाठ कर. पायांना कळलं पाहिजे."

दुसऱ्या आठवड्यात पाच ब्लॉकांची एक फेरी. मग मार्केट आणि हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा मोठा मांडव, धरून. मग नदीकाठच्या पार्कची. मला वाटायचं, मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून ही बाई मला सांभाळून घेते आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं आणि मी चौथीत थांबले, त्यामुळे एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नाही, मीही सांगितलं नाही.

फेरीनंतर त्यांच्याकडे चहा. त्या चहा ओतताना कपाच्या काठावर आतून बोट टेकवत आणि चहा बोटाला लागला की थांबत. मला ते कसंसंच वाटे. आपला कप मी गुपचूप दुसऱ्या बाजूने तोंडाला लावायची. घर मात्र लख्ख. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. मी एकदा साखरेचा डबा चहाच्या जागी ठेवला तर केवढ्या ओरडल्या! "तू काय माझं घर द्राक्षाची बाग समजलीस, कुठेही पाटी टाकायला?" पण डब्यात चिवडा उरला की हमखास ऊर्वीसाठी पुडी बांधून देत. ऊर्वी त्यांना "नाइन्थ फ्लोअर आजी" म्हणायची. एकदा तिने विचारलं, "आजी, व्हाय यू ऑलवेज लुक देअर?" कुंदाताई म्हणाल्या, "तिकडे वाघ असतो." पोरगी पुढे महिनाभर तिकडेच बघायची.

चाळीस वर्षांपूर्वी त्या यजमानांबरोबर मुंबईहून आल्या. एका जहाज कंपनीच्या ऑफिसात मालाचे कागद तपासायचं काम. ते ऑफिस हार्बरफ्रंटला होतं. एकदा मला तिकडे घेऊन गेल्या. बिशानहून मेट्रोच्या सर्कल लाइनने जाताना म्हणाल्या, "नाव गोल, पण गोल पुरा झालेला नाही अजून. मला असल्या अर्धवट फेऱ्यांचा राग येतो." गाडीत स्टेशनं त्या मोजून घेत. पुढचं स्टेशन कोणतं ते पाटीवर न बघता सांगत आणि दर वेळी बरोबर असे. पाण्याकाठी उभ्या राहून बोटींच्या दिशेला तोंड तिरकं करून म्हणाल्या, "कागदावर बंदराच्या नावात एक अक्षर चुकलेलं असलं तरी मला दहा फुटांवरून खुपायचं. बाकीचे म्हणायचे, कुंदाच्या डोळ्यांत भिंग बसवलंय." आणि मग एकदम पाण्याकडे पाठ फिरवली. मला वाटलं, नोकरीची आठवण आली असेल.

त्या गणपतीत जुरोंग ईस्टला त्यांच्या ओळखीच्यांकडे आरतीला गेलो होतो. सगळे बँकेतले नाहीतर कॉम्प्युटरवाले. मी कोपरा धरून बसले. घरच्याच सद्गृहस्थांनी अगदी आदराने विचारलं, "आपलं शिक्षण काय?" माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. कुंदाताई समोरच्या मखराकडे बघत म्हणाल्या, "त्या द्राक्षात आहेत. चाळीस वर्षं."

"वा! म्हणजे संशोधनात?"

"हाताने करायचं संशोधन," कुंदाताई म्हणाल्या.

मग त्या गृहस्थांनी त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीतला वेल मला दाखवला. घड का धरत नाही, विचारलं. वेल बघितला आणि मी माझ्याही नकळत बोलायला लागले. छाटलाच नव्हता त्यांनी, धरेल कसा? शिवाय इथे थंडी नाही, विश्रांती नाही वेलाला. मी दहा मिनिटं बोलत होते. जाताना ते मला "मॅडम" म्हणाले. लिफ्टमध्ये मी म्हटलं, "ताई, तुम्ही खोटं बोललात." त्या म्हणाल्या, "एक शब्द खोटा दाखव."

दिवाळीला मी गावी गेले आणि परत आले.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी संदीपला बोलावून घेतलं. त्यांची मुलगी मेधा फ्रान्समध्ये असते. दर वर्षी त्या महिनाभर तिच्याकडे जात. "या वर्षी मी शोभाला बरोबर नेणार," त्या म्हणाल्या. "मेधाकडे सगळीकडे द्राक्षाच्या बागा आहेत. ही तिथे असताना मला कुणी अडाणी म्हणणार नाही." संदीप माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघितलं. माझं नाही म्हणजेही खाली बघणं आणि हो म्हणजेही खालीच बघणं, त्याने त्याचा अर्थ लावून टाकला आणि व्हिसाचे कागद आणले.

विमानतळावर त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगून चाकाची खुर्ची मागवली. मला नवल वाटलं. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. नदीकाठी मला मागे टाकून चालायच्या. पण विमानतळावरच्या मुलीने आम्हाला सगळ्या रांगांतून थेट दारापर्यंत नेऊन सोडलं, त्यामुळे मी म्हटलं, हुशारी आहे.

मेधा कामाला जायची. चौथ्या दिवशी सकाळी तिची पाठ वळल्यावर कुंदाताई म्हणाल्या, "डबा भर. पोळी आणि बटाट्याची भाजी. आज तुला माझं गाव दाखवते." रेल्वेने अर्ध्या तासावर एक जुनं गाव होतं. सात-आठशे वर्षांपूर्वीचं, सगळ्या बाजूंनी दगडी तटाने वेढलेलं. स्टेशन दूर, तिथून बागांमधून दोन तास चालत जायचं. बस होती, पण त्यांना चालतच जायचं होतं. "नऊ वर्षं दर ऑक्टोबरला एकटी चालत गेलेय. या वाटेचा दगडन् दगड माझा आहे."

मी जन्मभर द्राक्षं पाहिली, पण अशी नाही. आमच्याकडे मंडप डोक्यावर, खाली सावली. इथे वेल कमरेएवढे, तारांवर बांधलेले, खोडं म्हाताऱ्याच्या मनगटासारखी गाठाळलेली. तोडणी झाली होती. पानं पिवळी-तांबडी. कुठे एखादा विसरलेला घड, काळा, मणी वाटाण्याएवढे. मी एक तोंडात टाकला. साल जाड, बी मोठी, पण गोडी अशी की जिभेला चटका बसला. आमच्याकडे हेच दिवस छाटणीचे. माझे हात शिवशिवत होते.

तासभर कुंदाताई पुढे, मी मागे. मग त्या थांबल्या. "आता अक्रोडाचं मोठं झाड येईल. त्याच्या डावीकडून वाट."

"झाड नाही ताई."

"नीट बघ. केवढं मोठं आहे."

"बुंधा आहे. कापलाय."

त्या आल्या, वाकून बुंध्यावर हात फिरवला. पलीकडची बागही उपटून नवी लावलेली दिसत होती, आणि जुन्या वाटेवर तार ओढली होती. समोर चार वाटा. मध्ये एक लाकडी खांब, त्यावर तीन पाट्या. कुंदाताई खांबाजवळ गेल्या. तोंड पाटीपासून वीतभर. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग पाटीवरून बोटं फिरवली, आंधळं माणूस फिरवतं तशी. अक्षरं रंगवलेली होती, बोटाला काय लागणार! मग बुंध्यावर येऊन बसल्या.

"शोभा, मला हे दिसत नाही."

"चष्मा विसरला का?"

"चष्म्याने नाही होत. मधलं गेलंय. डाव्या डोळ्याचं सहा वर्षांपूर्वी, उजव्याचं तू आलीस त्याच्या आदल्या वर्षी. जिथे बघावं तिथे मधोमध काळं बोट ठेवल्यासारखं. कडेचं तेवढं दिसतं. म्हणून माणूस बघायचं तर मला दुसरीकडे बघावं लागतं."

कपातलं बोट आठवलं. साखरेचा डबा आठवला. वाजणारं झाकण, मोजलेली स्टेशनं, चाकाची खुर्ची. वर्षभर मी समजत होते की त्या मला शिकवताहेत. त्या मला त्यांची स्वतःची रीत देत होत्या.

"म्हणजे तुम्ही माझं तोंड..."

"सरळ कधी पाहिलंच नाही. कान मात्र पाठ आहेत तुझे. डाव्या कानाचं भोक ओघळलंय. जड कुड्या घालत होतीस ना?"

मी कानाला हात लावला आणि मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? घरून निघून दोन तास झाले, भूक लागलीय, आणि आपण परदेशात हरवलोय. पाटी वाच."

तेव्हा मला सांगावं लागलं. "मला इंग्रजी येत नाही ताई. एक अक्षर नाही."

त्या मोठ्याने हसल्या. त्या रानात त्यांचं हसणं केवढं तरी घुमलं. "अगं मग छानच झालं! दिसतं तर आहे ना? कसं दिसतं ते सांग."

मग मी पाटीसमोर उभी राहिले. दुसरं काय सांगणार, मला जे माहीत तेच. "पहिलं असं आहे, एक उभं खोड, त्याच्या डोक्यावर दोन्हीकडे आडवे ओलांडे." ओलांडा म्हणजे खोडापासून तारेवर आडवी नेलेली जाड फांदी.

"टी," त्या म्हणाल्या. "पुढे?"

"मणी. गोल."

"ओ."

"मग खोड, आणि उजव्या बाजूला तीन काड्या. वरची, मधली, खालची."

"ई. नाही, हे आपलं गाव नव्हे. दुसरी पाटी."

दुसऱ्या पाटीवर एक अक्षर वळवळत होतं, त्याला मी साप म्हटलं. एकाला बुडाशी शेपूट फुटलेला मणी म्हटलं. एक अक्षर मी "पाय फाकून उभा राहिलेला गडी" असं सांगितल्यावर त्यांना पुन्हा हसू फुटलं. पण पाचव्या अक्षराला त्यांनी टाळी वाजवली. "हेच! कोणत्या बाजूला बाण आहे?" आम्ही उजवीकडे वळलो. पुढे तीन वेळा असंच खांबापाशी थांबलो. शेवटच्या खांबाला तर मी खोड, ओलांडा सोडून थेट "टी" म्हणाले. त्या गावाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. लिहिता येतं.

तट दिसला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वेशीचा दरवाजा समोर उघडा. मी आत जायला निघाले तर त्यांनी हात धरला. "आधी कडेनं."

एक हात तटावर टेकवून त्या चालत होत्या आणि मी शेजारून जे दिसेल ते सांगत होते. दगडातून उगवलेलं अंजिराचं झाड. तटालाच चिकटून बांधलेली घरं, एका खिडकीत वाळत घातलेले मोजे. अर्धवट पडलेला बुरूज. एका ठिकाणी तटाखालीच बाग होती आणि एक म्हातारा तारा ताणत होता. एक काडी लोंबत होती. मी तिला हात लावला तसा तो ओरडला. मी घाबरून हात मागे घेतला, पण मग काय झालं कोण जाणे, काडी परत धरली आणि दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या गाठी, सोडून वर कुठे छाटायची ते दोन बोटांची कात्री करून दाखवलं. तो जवळ आला. माझ्या हातांकडे बघितलं, घट्टे बघितले. मग आपला हात पुढे करून त्याचे घट्टे दाखवले. कुंदाताईंना थोडं फ्रेंच येत होतं. म्हणाल्या, "विचारतोय, तुमच्याकडे केव्हा छाटता." मी म्हटलं, "आत्ताच. आज." त्याला ते पटलं नाही, मान हलवत राहिला. पण त्याने बाटलीतून आम्हाला दोन घोट दारू दिली. कुंदाताईंनी चवीने प्यायली. मी ओठ लावले, आवळ्यासारखी तुरट. आमच्याकडे द्राक्ष आंबलं की टाकून देतात.

फेरी पुरी करून दरवाज्याशी आलो आणि तिथल्या दगडी बाकावर डबा उघडला. पोळीचा तुकडा हातात धरून कुंदाताई म्हणाल्या, "मेधाला सांगायचं नाही हं."

मी भाजीचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

"तिला कळलं तर ती मला इथेच ठेवून घेईल. चुकीचं नाही तिचं. पण बिशानचं घर बंद होईल. तिथे मला सगळं पाठ आहे, शोभा. झाकण, कुंड्या, स्टेशनं. इथे काय आहे? आज बघितलंस ना, एक झाड तोडलं आणि मी संपले. या वयात नव्या कडा पाठ होत नाहीत. तिथे मी कुंदा आहे. इथे मी फक्त कुणाची तरी आई होऊन खुर्चीत बसेन."

मी काही बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ सगळे "हो" असाच घेतात. त्यांनीही घेतला.

गावात आत काय होतं ते मला फारसं आठवत नाही. अरुंद रस्ते होते, एक चर्च होतं. आठवतं ते परतीचं स्टेशन. गाडीचा आवाज आला आणि कुंदाताई पुढे झाल्या. बिशानला फलाटाच्या कडेला काचेची भिंत असते, गाडी येऊन थांबेपर्यंत ती उघडत नाही. इथे काही नव्हतं. त्यांचा पाय फलाटाच्या काठाबाहेर अर्धा गेला होता. मी दंड धरून मागे ओढलं. गाडी आली, थांबली. "केवढ्याने ओढलंस," त्या म्हणाल्या. काय झालं होतं ते त्यांना कळलंच नव्हतं. घरी पोचेपर्यंत मी त्यांचा दंड सोडला नाही.

संध्याकाळी मी भांडी विसळत होते. मेधा स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं. "शोभाताई, आईला दिसतं ना नीट? खरं सांगा."

ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. माझी जीभ टाळ्याला. नळ वाहत होता. मग मी कुंदाताई करतात तसं केलं. मान वळवली आणि खिडकीबाहेरच्या झाडाला सगळं सांगितलं. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. फलाटावर काय झालं. आणि थांबायच्या आधी हेही सांगितलं, "पण त्यांना इथे ठेवू नका. तिथलं सगळं त्यांच्या पायांना माहीत आहे. मी तीन मजले खाली आहे. सकाळ-संध्याकाळ जाईन. रस्ता मी बघेन, पाट्या मी सांगेन."

"तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

"अक्षरं सांगता येतात. जोडायचं काम त्या करतात."

आयुष्यात मी परक्या माणसाशी एवढं लांब बोलले नव्हते. मेधा बाहेर गेली आणि आईजवळ बसली. दोघींचे आवाज चढलेले ऐकू येत होते. मी नळ बंद केला नाही.

परतीच्या बारा-तेरा तासांच्या प्रवासात कुंदाताई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या शेजारी बसून मान वळवून तोंड सरळ माझ्याकडे केलेलं. विमानातल्या मुलीला वाटलं असेल, केवढं प्रेम! मला माहीत होतं की त्या मला बघायचं नाही म्हणून बघत होत्या. ते काळं बोट त्यांनी माझ्यावर ठेवलं होतं.

बिशानला आल्यावर चार दिवस बेल वाजली नाही. मी सकाळी साडेसातला चपला घालून दाराशी बसायची आणि आठला काढायची. पाचव्या दिवशी वाजली. दारात त्या, छत्री घेऊन, कठड्याकडे बघत.

"चोमडी कुठली," त्या म्हणाल्या. "चल."

मेधा येऊन डॉक्टरांना भेटून गेली, रोजच्या फोनची अट घालून गेली, आणि कुंदाताई आपल्या घरात आणखी अडीच वर्षं राहिल्या. त्या अडीच वर्षांत मला सगळी अक्षरं आली. त्या बाकावर बसून म्हणायच्या, "समोरच्या दुकानावर काय लिहिलंय?" मी अक्षरं सांगायची, त्या शब्द करायच्या. पुढे पुढे मीच शब्द करायला लागले आणि त्या फक्त चुका काढायच्या. हॉकर सेंटरच्या कॉफीवाल्या अंकलना मी "कोपी-सी, कमी साखर" अशी दुधाची कॉफी इंग्रजीत सांगितली त्या दिवशी ऊर्वी म्हणाली, "वा आजी, कॅन लाह!", म्हणजे जमलं की, आणि कुंदाताईंनी आपला बिनासाखरेच्या कॉफीचा कप माझा जय म्हटल्यासारखा उंचावला. थोडी सांडली.

मग एक दिवस गॅसवर ठेवलेल्या टोपाशी त्यांच्या पदराने पेट घेतला. त्या दिवशी नेमक्या साडी नेसल्या होत्या. मी शेजारीच होते, विझवलं. काही झालं नाही. पण त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आता पुरे. मेधाला फोन लाव." मी म्हटलं, "मी आहे ना." त्या म्हणाल्या, "आहेस म्हणून तर मला माझ्या पायांनी जाता येतंय. तू नसतीस तर केव्हाच उचलून नेलं असतं."

त्या तिकडे वर्षभर होत्या. मेधा सांगायची की खुर्चीत बसल्या नाहीत. घराच्या भोवती फेऱ्या मारून त्यांनी तिथले कोपरेही पाठ केले. गेल्या थंडीत त्या गेल्या. मेधाने फोनवर सांगितलं तेव्हा मी ऊर्वीच्या जुन्या वहीची कोरी पानं काढून ठेवली, त्यांच्यावरच हे लिहिते आहे. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मात्र इथेच, आमच्या ब्लॉकखाली.

सकाळ होती. मेधा सामान टॅक्सीत ठेवत होती. कुंदाताई म्हणाल्या, "एक फेरी मारून येते. एकटी. तू इथेच थांब." मी पत्रपेट्यांजवळ उभी राहिले. त्या सायकलींच्या बाजूने गेल्या आणि कोपऱ्याआड झाल्या. मी कान लावून होते. देवघर, कुंड्या. केवढा वेळ लागला. मग झाकण खडखडलं.

त्या टॅक्सीत बसल्या. काच खाली केली. मी पुढे झाले. त्यांनी मान वळवली, पार पलीकडे, रस्त्यापलीकडच्या रिकाम्या बस स्टॉपकडे, आणि टॅक्सी हलली तरी तशीच ठेवली. लखनौच्या बाई भाजीची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "देखिए तो, जाते-जाते भी आपकी तरफ़ नहीं देखा."

मी डाव्या कानावरचे केस मागे सारले आणि टॅक्सी वळेपर्यंत तशीच उभी राहिले.